कळसाडीच्या गुऱ्हाळातील रक्ततपासणी

मधुमेह माणसाला गाठण्यापूर्वी मी मधुमेहाला गाठीन, असे माझे ठाम मत होते. आणि निवृत्त मुख्याध्यापकाचे मत सहसा बदलत नाही! पट्टीवर रक्ताचा थेंब पडताच त्यातील साखरेमुळे सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो आणि यंत्र पाच सेकंदांत आकडा दाखवते. असे यंत्र घेऊन मी शालक हेमकांतच्या गुऱ्हाळावर पोहोचलो. कढईजवळच्या बादलीतील कोमट पाण्याने सर्वांना हात धुवायला लावले. प्रत्येकाला नवी सुई. शिस्त म्हणजे शिस्त!

गूळ रांधणारा छगन : पाचशे बारा.

भांडी घासणारी धनुबाई : पाचशे अडतीस.

हेमकांत : पाचशे एकसष्ट!

वाफेत तिघांचे चेहरे क्षणात उमटत, क्षणात विरत. हसणे तेवढे ऐकू येई. एवढ्या साखरेची माणसे हसत नाहीत. किंबहुना, उभीही राहत नाहीत!

"छगन, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल!"

"आनि कढई? मी गऊ ते गूय बयी जाई, गुरुजी!"

"अरे, गूळ जळेल ते जळेल, तू जगशील की नाही, हा प्रश्न आहे!"

"मंग हाई बोली कोन ऱ्हायनं?"

मी चुलीतील जळती चिपाडे ओढून काढली. उकळी थांबली. छगनला पुन्हा तपासण्यासाठी नवी पट्टी लावली, तोच यंत्र बादलीच्या ओल्या काठावर टेकले, आणि वाजले! रक्ताचा थेंब नाही, माणूस नाही; तरी पाचशे नव्वद!

"बादलीले शुगर?" हेमकांत पुटपुटला.

धनुबाईने कपाळावर हात मारला. "अवं गुरुजी, ती बादलीमां मी काकवीन्या पळ्या धुयेल शेत!"

नळावर हात धुतल्यावर छगन एकशे चार. धनुबाई, हेमकांत, दोघेही ठणठणीत. छगन बिघडलेल्या पाकाकडे पाहत राहिला, हेमकांत माझ्याकडे.

"दाजी, आते तुम्हनं बोट."

तीनशे अठरा.

मी नळावर साबण मागवला. पुन्हा तीनशे अठरा. कोपरापर्यंत हात घासले. तीनशे अठरा! कोणी हसेना.

त्या नळाच्या पाण्याविषयी मी अद्याप साशंक आहे.