मगदूम सर आणि बिनधुराची चूल

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षर ओळीवरून खाली घसरतं. तेवढं सांभाळून घ्या. मगदूम सरांनी हे पान पाहिलं असतं तर अक्षराची उंचीच मोजली असती.

सर बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. मूळचे निपाणीकडचे, टिळकवाडीत एका खोलीत एकटेच राहायचे, जेवण खानावळीत. त्यांच्या खिशात टेप असायची. आमच्या उचगावात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आधी आमचा उंबरा मोजला, मग मला नमस्कार केला. शेजारच्या आप्पांची मिशीसुद्धा त्यांच्या वहीत इंचात लिहिलेली होती.

"अंदाज म्हणजे आळस, आक्का," असं ते म्हणायचे.

त्यांच्या कॉलेजातल्या पोरांना परीक्षेसाठी गावाच्या उपयोगाचं काहीतरी करून दाखवायचं होतं. सरांनी बिनधुराची चूल ठरवली. फुकटच्या वस्तूला कुणी जपत नाही म्हणून घरटी दहा रुपये घेतले. पोरांनी आठ दिवस माती तुडवली, सिमेंटचा पाइप छपराबाहेर काढला. चूल झाली देखणी. समोरून सगळी बंद, लाकूड सारायला वीतभर तोंड. धूर खरंच घरात येईना.

महिन्यानं सर पोरांना घेऊन तपासायला आले. गावात येतानाच त्यांनी पोरांना बजावलं होतं, "चूल पेटत असेल तरच पास."

बायकांनी पोरांकडं बघून एका सुरात सांगितलं, "लई झ्याक हाय!" पण पलीकडच्या घरातल्या पारूआक्काच्या चुलीत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. सरांनी कोंबडीसकट चूल मोजली.

"अय्यो! हे काय, आक्का?"

"ऊब चांगली ऱ्हाती की, सर."

मग आमच्या घरी आले. माझ्या चुलीवर मी तांब्या-पितळेची भांडी मांडली होती. चष्मेवाला एक पोरगा माझ्याकडं असा बघत होता की जणू त्याची कॉलेजची सगळी वर्षं माझ्या जिभेवर असावीत. मला तर चारचौघांत बोलताच येत नाही. मी भांडी उतरवली, चूल पेटवली, भाकरी थापली. तव्यावर ती दोन्ही बाजूंनी भाजली. मग निखाऱ्यासमोर उभी करायला घेतली आणि हातात धरून तशीच बसले. चुलीला पुढून उघडं तोंडच नव्हतं. भाकरी फुगणार कुठं? तशीच चपटी सरांपुढं ठेवली.

"खाऊन बघा."

सर बराच वेळ चावत राहिले. "एवढं सगळं मोजलं," ते पोरांना म्हणाले, "आणि भाकरी कशी भाजतात ते विचारलं नाही. आपण सगळे मेसमध्ये भात खाणारे." मग माझ्याकडं वळले. "आक्का, मार्क तुम्ही द्या."

मी पिठाचे हात पदराला पुसले. "पोरं चांगली हायती, सर. चूल तेवढी वाईट हाय."

पोरं हसली, पण सर हसले नाहीत. "मग चूल नीट झाल्यावर द्या. आणि चूक आमची, तेव्हा पैसे परत."

पोरांनी चुली फोडून पुन्हा बांधल्या. या वेळी समोर उघडं तोंड आणि निखारे ओढायला ओटा ठेवला. पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा सरांनी टेप काढली, वाफेकडं बघितलं आणि टेप खिशात ठेवून भाकरी खाल्ली. मी पोरांना शंभरात पस्तीस मार्क दिले. चौथीत मला तेवढेच पडले होते.

पैसे मात्र सर दर रविवारी एकेक रुपया करून द्यायचे. सायकलवरून यायचे, रुपया ओट्यावर ठेवायचे, वहीत लिहायचे. तेवढ्यात माझी भाकरी व्हायचीच. गरम भाकरी, झुणका. खाऊन मगच निघायचे.

सातव्या रविवारनंतर नळावर मी पारूआक्काला विचारलं, "तुझं किती ऱ्हायलं गं?"

"ऱ्हायलं कशाचं? आमाला समद्यास्नी एकाच दिशी दहा-दहाची नोट दिली की!"

मी घागर उचलून घरी आले. येणाऱ्या रविवारी आठवा रुपया घेतला, त्यापुढच्याला नववा. दहाव्या रविवारी सरांनी रुपया ठेवला आणि वहीत रेघ मारायला त्यांना बराच वेळ लागला.

"फिटले, आक्का."

"व्हय सर, समदे फिटले," मी म्हटलं. "आता हात धुवा. पुढच्या रविवारी नुसतंच या."