तुइस्कुला सापडलेला पक्षी

आपल्याइतकी भुंकणारी कुत्री कुहमोच्या अख्ख्या जंगलपट्टीत कुणाकडे नाहीत, असं राइमो केत्तुनेन छाती फुगवून सांगायचा. शेजाऱ्यांनी ते कधी नाकारलं नाही. त्यांना दिवसभर ऐकूच यायचं. शिकारीत या कुत्र्याने झाडावरचा पक्षी हुडकायचा आणि शिकारी पोचेपर्यंत खालून असं भुंकत राहायचं, की पक्ष्याने जागचं हलू नये. कुत्र्यांच्या सात पिढ्या राइमोने याच गुणासाठी जोड्या लावल्या होत्या. जे पिल्लू कमी भुंकेल, मांडीवर चढू पाहील, त्याची रवानगी शहरात. एखादं शांत पिल्लू घरात राहू दे, असं त्याची बायको सिर्का तीस वर्षं म्हणत होती.

"शांत बसायला मी आहे ना," राइमो म्हणायचा.

यंदा त्याच्या लाडक्या कुत्रीची, तुइस्कुची, शिकारीची परीक्षा होती. ती पास झाली तरच तिच्या पिल्लांची शिकारी म्हणून नोंद होणार होती. नाहीतर सात पिढ्यांची मेहनत पाण्यात. परीक्षक यालमारी म्हणजे एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. तुइस्कु जंगलात शिरली आणि दहाच मिनिटांत लांबून भुंकणं सुरू झालं. यालमारीने घड्याळ धरून मोजलं.

"मिनिटाला एकशे वीस."

राइमोचे डोळे भरून आले. नक्कीच मोठा रानकोंबडा असणार, तो कुजबुजला. पक्षी उडू नये म्हणून दोघे ओल्या शेवाळातून अर्धा तास पोटावर सरपटत गेले. भुंकणं क्षणभरही थांबलं नाही. शेवटी यालमारीने दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं आणि ती राइमोच्या हातात दिली.

शिकारीच्या मचाणावर सिर्का बसली होती.

ती जंगली बेरी वेचायला आली होती आणि या भुंकण्यापासून लांब, निवांत कॉफी प्यावी म्हणून वर चढली होती. तुइस्कुने तिला पाहिलं आणि सूर लावला. गप्प बसावी म्हणून सिर्काने सॉसेजचा तुकडा टाकला. भुंकलं की सॉसेज मिळतं, हे तुइस्कुला तेवढ्यात पाठ झालं.

"अगं, खाली उतर," राइमो म्हणाला.

"कशी उतरू? शिडीवर पाय ठेवला की ही दुप्पट भुंकते."

यालमारीने कागद काढून लिहिलं. भुंकणं, पैकीच्या पैकी. जागेवर खिळवून ठेवणं, पैकीच्या पैकी. पक्षी, शून्य. नापास.

राइमोने तो कागद दोनदा वाचला. यालमारी मात्र निघेना. त्याने घसा खाकरला आणि पिल्लं कधी होणार, असं विचारलं. राइमोची मान ताठ झाली.

"शिकारीला हवंय?"

"छे हो. मुलीकडे, शहरात. तिची दोन लहान पोरं आहेत. एवढ्या जंगलात घरचं माणूस शोधून त्याच्यापाशी ठाण मांडणारी, इतकी माणसाळलेली कुत्री मी तरी पाहिली नाही."

सात पिढ्यांचा इतिहास सांगायला राइमोने तोंड उघडलं. तेवढ्यात मचाणावरून आवाज आला.

"वसंतात होतील. एक तुमचं, एक माझं."

तुइस्कु त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प होती. तिच्या तोंडात सॉसेजचा शेवटचा तुकडा होता.