सेवेरोबाबांची हवाई स्वारी

रुफिनो फुलांची टोपली सावरत दफनभूमीच्या स्टेशनात रोपवेच्या पाळण्यातून उतरला, मागे वळला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाळण्याचं दार लागलं होतं. आत बाकावर, काचेच्या पेटीत, लोकरी टोपी आणि काळा गॉगल घालून सेवेरोबाबा एकटेच बसले होते. बघता बघता पाळणा स्टेशनातून सुटला आणि डुलत डुलत वर, डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो गावाकडे निघाला.

सेवेरोबाबा म्हणजे सातुर्निनाबाईंच्या घरची कवटी. मूळची कुणाची, देव जाणे! डॉक्टरकी शिकणारा एक भाडेकरू ती मागे ठेवून गेला. त्याने कपाळावर लिहिलेली हाडांची नावं बाईंनी घासून काढली, टोपी विणली आणि बाबांना घरात मानाची जागा दिली. तेव्हापासून घरात चोरी नाही की आजारपण नाही. आज कवट्यांचा सण. अख्ख्या ला पाझ शहरातल्या कवट्या नटूनथटून दफनभूमीकडे निघाल्या होत्या, आणि बाबांना आणायचं काम बाईंनी मुद्दाम रुफिनोवर टाकलं होतं. त्याला त्यांच्या एल्विराशी लग्न करायचं होतं ना!

"बाबांच्या तोंडात सिगारेट पेटवणार," बाईंनी बजावलं होतं. "शेवटपर्यंत जळली तर पोरगी तुझी. मध्येच विझली तर पुन्हा तोंड दाखवायचं नाही."

रुफिनो रोपवेवाल्या बाईकडे धावला. "ताई, थांबवा! आमचे बाबा आत राहिले!"

"म्हातारे आहेत का? घाबरतील?"

"ते कसले घाबरतायत? मी घाबरलोय!"

"मग इथेच उभे राहा. फिरून येतील खाली."

बाबा आले, पण एकटे नाही. झालं होतं असं, की त्या भाडेकरूने बाबांचा खालचा जबडा स्प्रिंगने बसवला होता, आणि प्रत्येक खांबापाशी पाळण्याला हिसका बसला की तो वाजायचा. वरच्या स्टेशनात एक बटाटेवाली आत शिरली. समोर साक्षात बाबा! तिने हात जोडून विचारलं, "बाबा, रुसलेली सून परत येईल का हो?" तेवढ्यात खांब आला. कट्‌कट्‌! तेवढ्यात तिचा फोन वाजला. सूनबाईंचाच, आणि तोही चक्क गोड आवाजात.

"बोलतात! बाबा बोलतात!" दफनभूमीच्या स्टेशनात उतरता उतरता बटाटेवालीने बोंब ठोकली. रुफिनोने पाळण्यात पाय टाकायच्या आत पाच-सात जण त्याला ढकलून आत घुसले आणि बाबा निघाले खालच्या स्टेशनाला. ते परत वर येईपर्यंत फलाटावर ही रांग! बाकीचे पाळणे रिकामे जात होते, त्यांना कुत्रं विचारत नव्हतं.

"अहो, ते माझे बाबा आहेत!" रुफिनो ओरडला.

"आज सगळ्यांचेच आहेत. रांगेत ये!"

"माझ्या लग्नाचा प्रश्न आहे हो!"

"माझाही तोच आहे," पुढचा सत्तरीचा म्हातारा म्हणाला. "आणि मला तुझ्यापेक्षा घाई आहे."

बाबा वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. रुफिनोचा नंबर काही लागेना. शेवटी बिचारा टोपली मांडीवर घेऊन फलाटावरच बसला आणि भोकाड पसरून रडायला लागला. बटाटेवालीला दया आली. "सरका रे मेल्यांनो! पोरगं बापासाठी रडतंय!" तिने बाबांचा पाळणा येताच कोपराने वाट काढली, आणि रुफिनोने पेटी ओढून छातीशी धरली. पेटीवर झेंडू, कोकाची पानं, बिस्किटं आणि कुणाचा तरी गुडघ्याचा एक्स-रे होता.

दफनभूमीच्या फाटकाशी सातुर्निनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. शेजारी एल्विरा, रडवेली. "इतका उशीर?"

"गर्दी होती, मावशी," रुफिनो म्हणाला. तसं ते खोटंही नव्हतं.

बाईंनी पेटीचं पुढचं दार उघडून बाबांच्या दातांत सिगारेट धरली, पेटवली. ती अर्ध्यावर आली, धुरकटली आणि विझली. एल्विराने तोंडाला हात लावला. रुफिनोला राहवेना. त्याने पेटीपुढे गुडघे टेकले आणि घडलं ते सगळं भडाभडा सांगून टाकलं. "चूक माझी आहे, बाबा! माझ्यावर काय राग काढायचा तो काढा, पण हिला का रडवता?"

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "बाबांना एकटं सोडलंस तू?"

"सोडलं कुठलं!" मागून आवाज आला. बटाटेवाली रांगेसकट तिथे हजर झाली होती. "अहो, रडून रडून फलाट ओला केला ह्याने. माझा नवरा मी हरवले तरी एवढा रडायचा नाही!"

"हा रडला?" बाईंनी विचारलं.

"शेंबूड येईस्तोवर!"

बाईंनी रुफिनोकडे नीट निरखून पाहिलं, मग एल्विराकडे. दुसरी सिगारेट बाबांच्या दातांत ठेवून पेटवली. डोंगरावरून वारा आला, विस्तव मिणमिणला. बाईंनी खांद्यावरची शाल काढली, दोन्ही हातांनी पसरली आणि वाऱ्याकडे पाठ करून बाबांच्या पुढ्यात भिंतीसारख्या उभ्या राहिल्या.

"आई!" एल्विरा कुजबुजली. "असा आडोसा केल्यावर तो कौल कसला?"

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या. "आणि त्या बाजूचं टोक जरा धर. तिकडून वारा लागतोय."