बसल्या जनावराचा भाव

तात्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, माझे दात पाहिले. सावेडीतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात नवा शेजारी म्हणून मी हसून नमस्कार केला, तर हे गृहस्थ वाकून माझ्या तोंडात बघायला लागले. मग म्हणाले, "पंचावन्न. खालचा एक पडलाय, पन खाऊन-पिऊन ठीक हाय." मी छप्पन्नचा होतो. राग आला होता, पण एका वर्षाची सूट मिळाली म्हणून गिळला.

तात्या हेडी, म्हणजे गुरांचे दलाल. घोडेगावच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं बैल विकून दिले. त्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकायचं आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. धंदा सुटला तरी तात्यांची ही सवय सुटली नाही. माझ्या स्कूटरचा भावसुद्धा त्यांनी मला उपरण्याखालीच सांगितला. मला ती भाषा येत नाही. पण एकच बोट दाबलं गेलं, त्यावरून काय ते समजलो.

चाळीस वर्षांत एकाही बैलानं त्यांना शिंग लावलं नाही. पाडलं ते बाथरूमच्या फरशीनं. खुबा मोडला आणि दुसऱ्या मजल्यावरून उतरणं बंद झालं. आमच्याकडे लिफ्ट नाही. आठ महिने तात्या गॅलरीत बसून खालच्या कुत्र्यांची चाल तपासत होते. मुलगा संतोष कारखान्यात कामाला. लहानपणी बापाबरोबर बाजारात फिरलेला, पण आता बापलेकांत बोलणं जेवणापुरतंच. तात्यांचं एक वाक्य मात्र त्याला, आणि आता मलाही, तोंडपाठ झालं होतं. "जनावर बसायच्या आत काढावं. बसल्या जनावराला भाव न्हाई." बसणं म्हणजे कामातून जाणं, आणि काढावं म्हणजे विकावं.

एक दिवस मला म्हणाले, "मास्तर, पुन्याला वाघ-शिंव्ह ठेवलेत म्हनं. मला बघायचेत."

"तात्या, जन्मभर जनावरंच बघितलीत की."

"ती कामाची. ज्याला जुंपायचं न्हाई, ज्याचं दूध काढायचं न्हाई, ते जनावर पोसतं कोन, आन कशापायी? तेवढं बघायचंय."

प्रश्न खोटा नव्हता. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे काही मला सुचलं नव्हतं. रविवारी सकाळी संतोषनं आणि मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, धापा टाकत खाली उतरवलं. संतोषला ड्यूटी होती. मी गाडी काढली.

प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी चाकाची खुर्ची मिळाली. तात्या तिच्यात बसेनात. काठी टेकत वीस पावलं गेले, थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप बसले. बसले ते थेट गाडीवान झाले. मी ढकलतोय आणि हे माझ्या मनगटावर चापट मारून वळणं सांगताहेत. उतार आला तसे म्हणाले, "मास्तर, पाठमोरी घ्या गाडी, न्हाईतर दोघं बी जाऊ." आता हे खरंच होतं, त्यामुळे मला आणखी चीड आली.

खुर्चीतून बघणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आपल्याला जिथं वाघ दिसतो, तिथं त्यांना लोकांच्या पाठी आणि पिशव्या दिसत होत्या. मी "जरा सरकता का, प्लीज" करत राहिलो, कोण ऐकतो. तात्यांनी जिभेनं गुरं हाकताना करतात तसं च्यक्‌ च्यक्‌ केलं आणि एक अख्खं कुटुंब मुकाट्यानं बाजूला झालं. वाघ झोपला होता. "चालवून दावा की," तात्या म्हणाले. बाजारात चालवून दाखवल्याशिवाय कोणी उपरण्याखाली हात घालत नाही. गव्यासमोर मात्र उपरणं माझ्या हातावर आलं आणि पाचही बोटं दाबली गेली. "पन जू कुठं ठिवायचं ह्याच्या मानंवर," म्हणून हळहळले.

शेवटच्या पिंजऱ्यात एक म्हातारं अस्वल सावलीत पडून होतं. तिथला माणूस कसलासा काला त्याच्या तोंडाशी नेऊन भरवत होता.

"दात हायेत का?" तात्यांनी विचारलं.

"नाहीत आजोबा. कुस्करून देतो."

"चालतं?"

"मागचे पाय गेलेत."

"मग ठिवलंय कशापायी?"

त्या माणसाला प्रश्नच समजला नाही. "म्हणजे? आपलंच आहे ते. जाईल कुठं?" आणि तो पुन्हा भरवायला लागला.

तात्या तिथून हलेनात. अर्धा तास मी उन्हात उभा. शेवटी मान न वळवता म्हणाले, "मास्तर, बसायच्या आत काढावं, हा धडा म्या संत्याला दिलाय. लहानपनापास्नं दिलाय. आन आता आठ महिनं म्या बसूनच हाय."

मी खुर्ची फाटकाकडे वळवली.

संध्याकाळी सोसायटीत शिरलो तर संतोष प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली उभाच होता. दोघांनी उचललं. पहिल्या मजल्यावर दम खायला खुर्ची टेकवली, तेव्हा तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि संतोषच्या हातावर टाकलं.

"कशाचा भाव, तात्या?" संतोष हसत म्हणाला.

"माझा."

संतोषचं हसू गेलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या खिडकीकडे तोंड केलं, पण कान तिकडेच होते. मग राहवेना म्हणून वळलो. उपरण्याखाली दोघांचे हात होते आणि संतोष पायरीवर खाली मान घालून बसला होता. काय आकडा झाला ते देव जाणे.

"लई भाव बोललास, संत्या," तात्या म्हणाले. हात मात्र त्यांनी काढला नाही.