अर्धं वाजवणारे पवारकाका

रविवार, सकाळ. मिरजगाव. हजर: खाटेवर शेळकेकाका, त्यांच्या पत्नी, आमचे शेजारी पवारकाका आणि ड्रायव्हर म्हणून मी.

पवारकाका क्लॅरिनेटवर दोघांची रचना एकटे वाजवतात, तीही फक्त आपल्या वाट्याची. दुसऱ्याचा भाग आला की थांबतात, पायाने ताल धरून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहतात, मग पुन्हा सुरू. मध्ये कुणी बोललं की खेकसतात, "गप! त्याचं चाललंय!" भिंगारच्या आमच्या गल्लीत एका गणपतीत असेच थांबले, तेव्हा कार्यक्रम संपला समजून अध्यक्षांनी शाल घालून हातात नारळ दिला. काकांनी नारळ अध्यक्षांच्याच हातात परत ठेवला आणि शालीसकट पुढची ओळ उचलली.

'तो' म्हणजे शेळकेकाका. दोघं लष्करी बँडमधले. शेळकेकाकांचा बॅसेट हॉर्न. क्लॅरिनेटचाच थोरला भाऊ, मध्ये वाकलेला, आवाज खर्जातला. कुण्या जुन्या जर्मन माणसाने या दोन वाद्यांसाठी लिहिलेली ही एकच रचना दोघांनी वर्षानुवर्षं घासली. साथीला पियानो लागतो. तो यांना कधी मिळाला नाही. पवारांनी घाई करायची आणि शेळक्यांनी शिव्या घालायच्या, असा संसार.

अर्धांगवायूने शेळकेकाकांची वाचा गेली. "पन कान शाबूत हाय त्याचा," पवारकाका गाडीत म्हणाले. "ताई, मी मुद्दाम अर्धी मात्रा आधी सूर उचलतो. बघा कसा डोळे वटारतो."

खाटेपाशी बसून पवारकाकांनी वाजवलं. थांबले.

"झालं व्हय भावजी? च्या टाकू?" शेळकेवहिनींनी विचारलं. पवारकाकांनी नुसता हात वर केला आणि सूर आधीच उचलला. अर्धी कसली, चांगल्या दोन मात्रा. मलासुद्धा ठेच लागल्यासारखं झालं.

शेळकेकाका हसले. पाहुण्याकडे बघून हसावं तसं. छान, ओळख नसलेलं.

काका पुन्हा चुकले. आणखी मोठं चुकले. शेळकेकाका हसतच होते.

निघताना वहिनींनी बॅसेट हॉर्नची पेटी पुढे केली. "घिऊन जावा. हितं धूळ खातीया."

"ऱ्हाऊ द्या. लागंल त्याला."

पेटी उघडून काकांनी सांध्यांवरचं बूच बोटाने चाचपलं. "वाळलंय पार. ताई, पुण्याला गेलात तर ह्याचं ग्रीस आणा."

पुण्याच्या दुकानदाराने ग्रीस मागवून ठेवलंय. आणायला जायचं अजून बाकी आहे.