लोअर आर्मवरचा लाल ठिपका

गाडीखाली उताणी पडून मी मोजलं: डावा लोअर आर्म वाकलेला, उजव्याचं रबरी बुश फाटलेलं, पुढचा एक टायर आतल्या बाजूनं झिजून गुळगुळीत, आणि वर सीटवर बसलेले अप्पा पूर्ण निर्धास्त.

"गाडी जुनी झाली की बोलतेच, शालू!" अप्पा म्हणाले.

बोलत कसली होती, शिव्या देत होती! खड्ड्यात गेली की कटाक्, वळली की टक्, आणि ब्रेक दाबला की डावीकडे अशी ओढ घ्यायची, जणू तिकडे तिचं माहेर! लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा हात. तो तुटला की चाक एकीकडे, आपण दुसरीकडे. आणि रविवारी याच गाडीतून कुसुमअक्काला बाळंतपणासाठी अळणावरहून हुबळीला आणायचं होतं! डॉक्टरांनी बजावलं होतं, "धक्के अजिबात नकोत."

शनिवारी सकाळी गाडी मल्लाप्पांच्या गॅरेजात निघाली, तेवढ्यात शेजारचे केदारीकाका कानाशी लागले. "जुनाच आर्म ठोकून सरळ करतात, रॉकेलनं धुतात आणि नवा म्हणून बसवतात. सांभाळ!"

मला फसवणार? रसायनशास्त्राची एम.एस्सी. आहे मी! दोन्ही जुन्या आर्मना खालून लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. धुवा म्हटलं रॉकेलनं! नेलपॉलिश भितं ते ॲसिटोनला!

संध्याकाळी गॅरेजात गेल्या गेल्या मी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. दोन्ही आर्म काळेभोर, चकचकीत. आणि दोन्हींवर लाल ठिपका!

"मल्लाप्पा! हे काय आहे?"

"कुंकू, तंगी," मल्लाप्पा मला कानडीत धाकटी बहीण म्हणत उत्तरले. "नवं सामान बसवलं की लावतोच. आमच्या वडलांपासूनची रीत."

आमच्या घरी गाडीला कुंकू-नारळ नाही. गाडी आणली तेव्हा अप्पांनी त्रिसरण म्हटलं आणि किल्ली फिरवली. त्यामुळे मल्लाप्पांचं उत्तर मला त्यांच्या फारच सोयीचं वाटलं! मी पर्समधून कापूस आणि ॲसिटोनची बाटली काढली. ठिपक्यावर घासलं. कापूस लालभडक!

"विरघळलं! बघा अप्पा, नेलपॉलिशच आहे!"

"याकव्वा, का गं बाई, मी नेलपॉलिश लावत बसू का गाड्यांना?" मल्लाप्पा ओरडले.

"मग जुने आर्म दाखवा!"

"त्या पोत्यात आहेत. पण ते बघून म्हणशील, दुसऱ्या गाडीचे! थांब, बसवलेलेच उघडून दाखवतो!"

"राहू द्या हो मल्लाप्पा," अप्पा गयावया करू लागले. "पोरगी जरा जास्त शिकलीय."

"इल्ल, नाही! आता उघडणारच!"

समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले चहाचे ग्लास घेऊन गोळा झाले. पाने फिरले, चाक निघालं, आर्म बाहेर आला. सरळसोट! बुश कोरं करकरीत! मग मीच पोतं उपडं केलं. वाकलेला आर्म, फाटलेलं बुश, आणि दोन्ही आर्मवर माझं नेलपॉलिश नव्या नवरीसारखं चमकत होतं.

"बसवा आता परत," मी हळूच म्हणाले.

मल्लाप्पांनी रागारागात बोल्ट पिळला आणि त्याचे आटेच गेले. नवा बोल्ट आणायला माणूस दुर्गदबैलच्या बाजारात पळाला. दुकानं बंद!

"सोमवारी," मल्लाप्पा हात पुसत म्हणाले.

दाढ उपटलेल्या तोंडासारखी आमची गाडी जॅकवर आ वासून उभी राहिली. अप्पांनी अक्काला फोन लावला. "बाळे, गाडी नाही गं. आता कसं करायचं?"

पलीकडून अक्काचा आवाज इतका मोठा आला, की रिक्षावाल्यांनाही ऐकू गेला.

"अप्पा, जन्मभर रेल्वेच्या वर्कशॉपात काम केलंत ना? अळणावरला स्टेशन आहे, विसरलात का?"

रविवारी दुपारी अक्का नवऱ्यासोबत रेल्वेतून उतरली, शेंगा खात.

"धक्के बसले?" मी विचारलं.

"रुळाला कुठं खड्डे असतात गं? पण तू मल्लाप्पांशी भांडलीस म्हणे?"

घरी आल्यावर केदारीकाकूंकडून चिमूटभर कुंकू मागून आणलं, लोखंडी पट्टीवर तीन ठिपके दिले आणि जो प्रयोग आधी करायला हवा होता तो केला.

ॲसिटोननं कुंकू निघतं. पाण्यानं निघतं. नुसत्या बोटानंही निघतं.