हवालदारांनी धाडलेली कुमक

पलटणीतून पेन्शनीत आल्यावर तासगावच्या हिंदुराव हवालदारांनी वरिष्ठांना न विचारता एकच निर्णय घेतला, आणि तो बायकोच्या जिवाशी आला.

बायडाबाईंना कंपवात. हात थरथरायचे, पाय जमिनीला चिकटल्यागत व्हायचे. त्र्याहत्तर साली सांगलीच्या डॉक्टरांनी नव्या गोळ्या सुरू केल्या, आणि महिन्याभरात बाईंनी दोन वर्षांनी आपल्या हातानं भाकरी थापली. (वाकडी होती. हवालदारांनी तशा चार खाल्ल्या.)

त्या आनंदात ते दुकानातून ताकदीच्या गोळ्यांची बाटली घेऊन आले.

"डाक्टरास्नी इचारलं का?" बाईंनी विचारलं.

"ताकदीला काय इचारायचं? ह्ये काय औषाद हाय व्हय?"

आठ-दहा दिवसांत थरथर परत आली. हवालदारांनी ओळखलं, कुमक कमी पडतीय. त्यांनी ताकदीच्या गोळ्या दोनाच्या चार केल्या. मग एका सकाळी बाईंचे पाय उंबऱ्यातच खिळले, तोल गेला, कपाळाला टाके पडले. घास भरवावा लागू लागला. तो तोंडात तसाच राही आणि बाईंच्या डोळ्यांतून पाणी येई. हिंदुराव भिंतीकडे बघत बसत.

"त्या सांगलीच्या गोळ्यांत दमच न्हाई," शेवटी ते म्हणाले. "उद्यापास्नं बंद!"

"आदी डाक्टराकडं चला," बाई पुटपुटल्या. त्यांचा आवाजही आता बारीक झाला होता.

एस्टीनं दोघं सांगलीला गेले.

"आणखी काही देता यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई!" हवालदार छाती काढून म्हणाले.

बायडाबाईंनी पदराखालून बाटली काढली. ती टेबलावर ठेवायला त्यांना मिनिटभर लागलं.

डॉक्टरांनी लेबल वाचलं. "यात ब जीवनसत्त्व आहे, बी-सिक्स. ते माझ्या औषधाचा गुणच मारतं. ही बाटली आजपासून बंद. माझ्या गोळ्या मात्र मनानं थांबवू नका. एकदम थांबवल्या तर अंग लाकडासारखं होईल, जिवावर बेतेल."

हिंदुराव पुढं सरकले. "पयल्यावानी हुईल का ती?"

"बरंचसं परत येईल. सगळं येईलच, असं नाही सांगता येत."

डॉक्टरांनी गोळ्यांची डबी काढली. हवालदारांनी हात पुढं केला. डॉक्टरांनी ती बाईंच्या ओटीत ठेवली. "वेळ या सांगतील, गोळी याच घेतील."

"मग म्या काय करू?"

"तुम्ही पाणी द्या."

बायडाबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. (म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला.)

"आनि आवं," त्या म्हणाल्या, "पाण्यात कायबी मिसळू नगा."